मिलान–पॅरिस: दीड तासाचं विमान, आठ तासांचा प्रवास

नकाशावर मिलान ते पॅरिस हवाई अंतर साधारण 640 किलोमीटर. विमान दीड तासात पोचवतं, हेही खरं. पण आम्ही मिलानच्या हॉटेलातून दुपारी तीनला निघालो आणि पॅरिसच्या हॉटेलात शिरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. विमानाला उशीर झाला नव्हता. हा हिशेब कुठल्याही बुकिंग साइटवर दिसत नाही, म्हणून संतापून लिहितोय.

स्वस्त तिकिटावर 'मिलान' लिहिलेलं असतं, विमान सुटतं बर्गामोजवळच्या ओरियो अल सेरियोहून. मिलानो सेंत्राले स्टेशनच्या बाजूने बस मिळते, तासभर धरा. इथवर त्रास नाही. बर्गामोचं डोंगरावरचं जुनं गाव सुंदर आहे, वेळ असेल तर बघा.

खरा छळ पॅरिसच्या टोकाला. तिकिटावरचं 'पॅरिस' म्हणजे बोव्हे, शहरापासून तब्बल 85 किलोमीटर. पुणं सांगून लोणावळ्याच्याही पुढे उतरवावं, तसं. विमानतळाच्या आत मेट्रो नाही, रेल्वे स्टेशन नाही. सगळं विमान एकाच बसच्या रांगेत येऊन उभं राहतं. पहिली बस डोळ्यांदेखत भरून गेली. बाहेर बोचरा वारा, सोबत सत्तरीची आई, बसायला धड बाक नाही. पुढच्या बसमध्ये जागा मिळाली, तर पॅरिसजवळ येताच हायवे तुंबलेला. आणि एवढं करून बस सोडते शहराच्या काठावर. तिथून बॅगा ओढत पुन्हा मेट्रो. बोव्हेहून टॅक्सीचा विचारही करू नका. शार्ल द गोल आणि ओर्ली या पॅरिसच्या मुख्य विमानतळांवरून शहरात यायला टॅक्सीचं भाडं सरकारने ठरवून दिलंय, बोव्हेला ते लागू नाही.

सामानाचं वेगळंच. मूळ तिकिटात फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी चालते. चाकांच्या बॅगेचे गेटवर घेतलेले पैसे तिकिटापेक्षा जास्त झाले. बॅग न्यायचीच असेल तर बुकिंग करतानाच पैसे भरा. युरोपबाहेरचा पासपोर्ट असेल, तर काही कंपन्या आधी काउंटरवर व्हिसा तपासून घ्यायला लावतात. शेंगेनच्या, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या, आत असलात तरी मूळ पासपोर्ट हाताशी हवा.

आता काय करावं ते सांगतो. विमानच हवं असेल तर मिलानच्या लिनाते विमानतळावरून ओर्लीचं बघा, तिकीट महाग दिसलं तरी. लिनातेला 2022 पासून मिलानची मेट्रो 4 जाते, ओर्लीला 2024 पासून पॅरिसची मेट्रो 14. दोन्हीकडे बसची भानगड नाही. स्वस्त तिकिटात दोन्ही बस आणि बॅगेचे पैसे मिळवून बघा, फरक फारसा उरत नाही.

त्याहून चांगली म्हणजे थेट रेल्वे. साधारण सात तास, आल्प्समधून, आणि उतरता ते गार द लिओं स्टेशनवर, पॅरिसच्या आत. ऑगस्ट 2023 मध्ये फ्रान्समधल्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळून हा मार्ग बंद पडला होता, तो मार्च 2025 च्या अखेरीस उघडला. त्यामुळे 'गाडी बंद आहे' हा जुना सल्ला आता सोडून द्या. फ्रेंच गाडी मिलानच्या पोर्ता गारिबाल्दीहून सुटते, इटालियन सेंत्रालेहून; स्टेशन तिकिटावर नीट वाचा. आईवडील किंवा लहान मूल सोबत असेल, तर बोव्हेचं रात्रीचं विमान फुकट मिळालं तरी घेऊ नका.