मधला बॉल घेतला, ड्रिल केला, तेलावर पाहिला

अमेरिकेत बोलिंगची (बॉल लेनवरून सोडून दहा पिन पाडायच्या खेळाची) लीग खेळायला लागलं की कधी ना कधी स्वतःचा, लेनवर पकड घेऊन वळणारा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घ्यावा लागतो. दुकानात सगळ्यांत जोरदार वळणारा बॉल उचलायचा मोह मलाही झाला, पण घेतला स्टॉर्मचा हाय-रोड, १५ पौंडी. बाजारात अनेक वर्षं टिकलेला हा हायब्रिड बॉल मधल्या ताकदीचा समजला जातो. कवच थोडं सॉलिड (लवकर पकडणारं), थोडं पर्ल (उशिरा वळणारं). आरजी (बॉल किती लवकर लोळायला लागतो त्याचा आकडा) सुमारे २.५७ आणि डिफरन्शियल (फ्लेअर किती होईल त्याचा आकडा) ०.०४६. आरजीची परवानगी २.४६ ते २.८० आहे. आकडा जेवढा मोठा, तेवढा बॉल आधी घसरतो आणि उशिरा लोळायला लागतो. डिफरन्शियलची कमाल ०.०६०, म्हणजे हा बॉल फ्लेअर (फिरताना अक्ष सरकत जाणं) बऱ्यापैकी देतो, पण टोकाचा नाही.

दुकानदाराने आधी माझा जुना बॉल मागितला. त्यावर लेनच्या तेलाने उमटलेल्या कड्यांपैकी बोटांच्या सर्वांत जवळची कडी मोजून पीएपी (पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट) काढला. फेकल्यावर बॉल ज्या अक्षावर फिरतो, त्याचा बॉलच्या पृष्ठभागावरचा हा बिंदू. माझा निघाला पकडीच्या मध्यापासून आडवा ५ इंच आणि वर अर्धा इंच. मग पिन (पाडायची पिन नव्हे, आतल्या गाभ्याचं टोक दाखवणारी बॉलवरची खूण) पीएपीपासून साडेचार इंचांवर, मधल्या बोटांच्या वर ठेवली. पिन वर असली की बॉल उशिरा आणि तिखट वळतो, खाली असली की लवकर आणि गुळगुळीत. दुकानदार पीएपी न मोजता थेट भोकं पाडायला निघाला, तर बॉल परत उचलून घरी यावं. चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवता येतं, पण पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

पकड फिंगरटिप ठेवली: बोटं पहिल्या पेरापर्यंत, अंगठा पूर्ण आत. बोटांच्या भोकांत रबरी इन्सर्ट, अंगठ्याच्या भोकात टेप. टेप हवीच, कारण अंगठा संध्याकाळभरात सुजतो किंवा आक्रसतो. भोक सैल राहिलं की आपण नकळत बॉल आवळतो, मनगट अडकतं आणि बॉल पुढे टाकण्याऐवजी खाली आपटतो. पहिल्या दिवशी कपाळावर आठ्या आणणाऱ्या अर्ध्या चुका बॉलच्या नसतात, या टेपच्या असतात.

लेन फाउल लाइनपासून (जिथून बॉल सोडतात ती रेषा) हेडपिनपर्यंत (सर्वांत पुढची पिन) ६० फूट लांब, ३९ बोर्ड (उभ्या पट्ट्या) रुंद. रोजच्या लीगमध्ये तेल साधारण ४० फुटांपर्यंत असतं, मध्ये दाट, कडेला पातळ. अशा पॅटर्नवर (तेलाच्या मांडणीवर) बॉल वळायला कुठे हवा, याचा ढोबळ हिशोब म्हणजे लांबीतून ३१ वजा करायचे: ४० फुटांना कडेपासून ९ वा बोर्ड. उजव्या हाताने टाकणाऱ्याने लेनवर काढलेल्या दुसऱ्या बाणावर, म्हणजे १० व्या बोर्डावर नजर ठेवून सुरुवात केली की हा बॉल बरोबर बसतो. बाहेर चुकला तर कोरडं लाकूड त्याला परत आणतं, आत चुकला तर तेल धरून ठेवतं. मधल्या ताकदीच्या बॉलचं खरं काम हेच. तो पुढे काय घडतंय ते स्पष्ट दाखवतो, म्हणून पहिला बॉल म्हणून तोच बॅगेतून काढावा.

हात, म्हणजे फेकण्याची पद्धत, बदलला की मात्र गोष्ट बदलते. ज्याचा वेग जास्त आणि फिरकी कमी, त्याच्या हातून हा बॉल कारखान्यातून आलेल्या पॉलिशसह सरळच जातो आणि दहा नंबरची (मागच्या उजव्या कोपऱ्यातली) पिन उभी राहते. पण कशी राहते ते बघावं. तिच्या पुढची सहा नंबरची पिन मरगळून गटारीत पडली, तर बॉल धडकेच्या वेळी कमजोर होता. सहा नंबरची दहाच्या मानेभोवतून उडून गेली, तर बॉल थोडासाच चुकला. पहिल्या प्रकारात बॉल बदलण्याआधी पृष्ठभाग बदलावा: २००० ग्रिटचा अब्रालॉन (घासायचा) पॅड ओला करून सहा बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट सारख्या दाबाने फिरवला की पॉलिश जाते आणि बॉल लवकर पकडतो. एक-दोन दिवस थांबून ४००० ने बघितलं तरी चालेल. लीगमध्ये खेळ सुरू झाल्यावर पॅड लावता येत नाही, हे लक्षात ठेवावं.

उलट संथ टाकणाऱ्या, खूप फिरकी देणाऱ्या, किंवा दोन हातांनी टाकणाऱ्या खेळाडूने पॉलिश काढूच नये. त्याच्या हातात हाच बॉल कोरड्या लेनवर हेडपिनच्या डावीकडेच सुटतो. अशा हाताला पॉलिश ठेवून पाय आत सरकवणं हाच उपाय, आणि लेन अगदीच कोरडी असेल तर युरेथेन (कमी वळणाऱ्या कवचाचा बॉल).

पहिला गेम संपल्यावर पुढच्या भागातलं तेल उडतं. बॉल हेडपिनवर जाड (फार मधोमध) बसायला लागतो, चार नंबरची पिन राहते किंवा स्प्लिट (एकमेकींपासून दूर उरलेल्या पिन) पडतो. तेव्हा पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. मी पहिले काही आठवडे फक्त पाय हलवत राहिलो आणि बॉल तेवढ्याच जागी उशिरा पोचत राहिला. नजरही हलवावी लागते. तरीही जमत नसेल तर त्या दिवशी या बॉलची वेळ संपली, प्लास्टिक किंवा अजून सौम्य काही काढावं.

स्पोर्ट पॅटर्नवर (स्पर्धेतली, चूक कमी माफ करणारी तेलाची मांडणी) या बॉलच्या मर्यादा लगेच दिसतात. ४४ फुटांच्या, भरपूर तेलाच्या पॅटर्नवर तो वळायला १३ व्या बोर्डाच्या आसपास हवा, पण पॉलिश असेल तर वळतच नाही. तिथे जास्त डिफरन्शियलचा, मंद पृष्ठभागाचा बॉल हवा. ३३ फुटांच्या छोट्या पॅटर्नवर तो गटारीच्या कडेने, दुसऱ्या बोर्डाशी खेळवावा लागतो, आणि थोडा आत गेला की निसटतो.

रिअ‍ॅक्टिव्ह कवच तेल पितं. प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबरने पुसायचं, खेळ संपल्यावर बॉल कोमट असतानाच क्लिनर लावायचा. साधारण ६० गेमनंतर भोकांवर टेप लावून ५५ अंश सेल्सियसच्या आसपास गरम पाण्यात थोडा भांड्यांचा साबण टाकून वीस मिनिटं ठेवलं की तेल पाण्यावर तरंगताना दिसतं. उकळतं पाणी नको. आणि थंडीत बॉल गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नये. कवच आणि आतला गाभा वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, मग एका सकाळी बोटांच्या भोकांच्या मधून केसासारखी चीर दिसते.