नस शिवली, मग बोट अजून बधिर का?

काच लागून मनगटापाशी नस कापली गेलेली असते. शस्त्रक्रिया झालेली असते, टाकेही सुकलेले असतात. हात माझ्यासमोर टेबलावर ठेवून माणूस विचारतो, ‘मॅडम, नस जुळली म्हणाले, मग बोट अजून बधिर का?’ हातांच्या फिजिओथेरपीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. पुढचा पेशंट थांबलेला असतो, म्हणून ‘वेळ लागतो’ एवढंच सांगून मी व्यायाम सुरू करते. ते उत्तर अपुरं आहे हे मला माहीत असतं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

वायरची टोकं जोडली की दिवा लागतो. नसेचं तसं नसतं. नसेत हजारो अक्षतंतू असतात आणि प्रत्येक अक्षतंतू हा एकेका जिवंत चेतापेशीचा लांब धागा. तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळतो तो ज्या पेशीमुळे, तिची पेशीकाया, म्हणजे पेशीचं मुख्य शरीर, मानेत मणक्यालगत असते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही नाही. धागा मात्र खांदा, कोपर, मनगट ओलांडून बोटापर्यंत येतो. पायाच्या बोटांकडे जाणारा तर मीटरभर लांब. या धाग्याला लागणारी जवळजवळ सगळी प्रथिनं त्या इवल्याशा पेशीकायेत तयार होतात आणि तिथूनच टोकापर्यंत पोचवावी लागतात. पाण्यात साखर विरघळते तशी ती आपोआप पसरत गेली, तर मीटरभर जायला शतकं लागतील. म्हणून पेशीने वाहून न्यायची व्यवस्था केलेली आहे.

अक्षतंतूच्या आत लांबीच्या दिशेने सूक्ष्मनलिका असतात, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या. त्यांच्यावरून कायनेसिन नावाचं प्रथिन माल घेऊन अक्षरशः चालतं. त्याला दोन पाय आहेत, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. शंभरेक पावलं टाकली की ते नलिकेवरून सुटतं, मग दुसरं कायनेसिन माल पुढे नेतं. १९८५ साली रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी ते शोधलं, माकूळ या सागरी जिवाच्या जाड अक्षतंतूमधून. त्या तंतूतला गर दाबून बाहेर काढला, तरी एटीपी मिळाल्यावर त्यातले कण नलिकांवरून चालतच राहतात. पेशीचं आवरण नाही, पेशीकाया नाही, आणि वाहतूक चालूच. हे मी शिकताना पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

उलट दिशेचं काम डायनिन नावाचं दुसरं प्रथिन करतं. टोकाकडचा जुना माल आणि तिकडची खबर ते पेशीकायेकडे आणतं. नस तुटल्याची खबरही अशीच वर पोचते, आणि मग पेशी दुरुस्तीच्या कामाला लागते. (रेबीजचा विषाणू याच परतीच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. म्हणून चावा जितका डोक्याजवळ, तितका धोका लवकर.)

आता तुमच्या बोटाकडे येते. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिल्या. पेशीकायेपासून तुटलेला भाग हळूहळू मोडून नाहीसा होत गेला. त्याची रसदच बंद झालेली असते. धागा जिवंत ठेवणारं एक प्रथिन तर इतकं अल्पायुषी आहे की काही तासांत संपतं, आणि नवा पुरवठा यायला वाटच उरलेली नसते. म्हणजे सर्जननी शिवलं ते नसेचं आवरण. आतले धागे शिवता येत नाहीत. मनगटापासून बोटापर्यंतचे जुने धागे गेले, त्यांच्या रिकाम्या नळ्या उरल्या. नवे धागे मनगटापासून फुटून त्या नळ्यांमधून वाढत बोटापर्यंत यायचे आहेत.

ते किती वेगाने येतात? दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कायनेसिन जी पुटिका, म्हणजे मालाची सूक्ष्म पिशवी, वाहून नेतं ती दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, मग वाढ इतकी सावकाश का? कारण धाग्याचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो, ती मंद वाहतुकीने येतात, दिवसाला फार तर काही मिलिमीटर. त्यांनाही हेच हमाल नेतात, पण ती थोडी सरकतात आणि बराच वेळ थांबून राहतात. १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी नसा आवळून पाहिल्या, तर आवळलेल्या जागेच्या अलीकडे धागे फुगले. आवळण सोडल्यावर साचलेला माल पुढे सरकू लागला, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर.

मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरा. शिवणीतून पार व्हायला आधी काही आठवडे, मग सहा महिने. नस कोपरापाशी कापली असेल तर हिशोब वर्षाकडे जातो, आणि तिथे मला खरी काळजी वाटते. हाताचे छोटे स्नायू नसेविना साधारण वर्ष-दीड वर्षच तग धरतात. नंतर धागा पोचला तरी स्नायू पुरेसा उरलेला नसतो. म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका असं मी कळकळीने सांगते. आणि बोट बधिर असेपर्यंत गरम भांडं त्या हाताने धरू नका. भाजलेलं कळणार नाही.

दर भेटीत मी नसेवर बोटाने टिचक्या मारत खालून वर येते. जिथे मुंग्या आल्यासारखं वाटतं तिथवर नवी टोकं पोचलेली असतात. ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये ही खूण सांगितली. मी तिथे पेनाने ठिपका देते, तारीख टाकते, फोटो काढते. महिन्याने ठिपका सुमारे तीन सेंटिमीटर पुढे दिसला की पेशंट स्वतःच हात उलटसुलट करून बघू लागतात.

पोचल्यावरही काम संपत नाही. काही धागे चुकीच्या नळीत शिरलेले असतात, त्यामुळे तर्जनीला लावलेलं मधल्या बोटाला लागल्यासारखं वाटतं. मग मेंदूला हे स्पर्श नव्याने ओळखता यावेत म्हणून आम्ही डोळे मिटून बसवतो, हातात नाणं देतो, बटण देतो, किल्ली देतो, ओळखायला सांगतो. चुकलं तर डोळे उघडून बघायचं, परत मिटायचे, परत चाचपायचं.