काजूभट्टीच्या जुन्या खोपीची नोंद: कौलांवरच्या १८६५ वर विसंबू नका

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या, काजूची फेणी गाळायच्या जुन्या भट्टीच्या खोपीचं छप्पर आणि जमीन, दोन्ही तपासून झाली. भिंतींची मोजणी आधीच संपली होती: आतून २६ फूट बाय १४, जांभ्या चिऱ्यांच्या भिंती दीड फूट जाड, दोन लांब बाजू कमरेइतक्याच आणि वर नुसते खांब. ही अर्धी भिंत पडझडीतली नव्हे. तिचा माथा चुन्याने गुळगुळीत बंद केलेला आहे, म्हणजे धूर आणि वाफ जायला ती मुद्दाम मोकळी ठेवलेली.

कौलांपैकी बहुतेकांवर बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्याचा छाप आणि १८६५ आहे. ‘दीडशे वर्षांची भट्टी’ हा गावातला दावा यावरूनच आला. पण १८६५ हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल नंतर कधीही भाजलेलं असलं तरी छापात तेच. शिवाय ११ कौलं कॉमनवेल्थ छापाची निघाली, आणि हे नाव पहिल्या महायुद्धानंतर कारखान्यांची मालकी बदलल्यावरचं. त्यातून कौलं एका घरावरून उतरवून दुसऱ्यावर चढवायची पद्धत! खरी माहिती वाशांवर मिळाली: खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा. एक आताच्या रिपांची, सुमारे साडेबारा इंचांवर, मंगळुरी कौलाच्या मापाची. दुसरी बरीच दाट, जुन्या अर्धगोल नळीच्या कौलांसाठीची. म्हणजे वासे आताच्या कौलांपेक्षा जुने. अर्थात वासेही दुसरीकडून आणलेले असू शकतात, म्हणून भिंतीतल्या खोबणींशी ते जुळतात का ते पाहिलं. जुळतात.

जमिनीने जास्त सांगितलं. ईशान्येच्या कोपऱ्यात ५ फूट लांबीत दीड इंच उतार आहे (पाण्याच्या नळीने मोजला) आणि खालच्या टोकाला एक भोक. बोंडू (काजूची फळं) पायांनी मळून रस काढायची जागा, म्हणजे कोळमी, इथेच. त्या भागातले चिरे काळे पडले आहेत. चुलीजवळचेही काळेच, पण दोन्ही काळेपणा एक नव्हेत. ओल्या कापसाने पुसलं की चुलीजवळची काजळी कापसावर येते. कोळमीचा डाग हलत नाही. बोंडूच्या रसातलं टॅनिन आणि चिऱ्यातलं लोखंड मिळून जुनी शाई बनते तसाच तो बनला आहे. त्यावर लिंबाचा थेंब टाकून पाच मिनिटं थांबलं की डाग फिका होतो. काजळीवर लिंबाचा काही परिणाम नाही. ही चाचणी कोपऱ्यात एकाच थेंबाने करावी आणि लगेच पाण्याने धुवावं, कारण आंबट पदार्थ चुन्याचे सांधे खातो. कोळमीलगतच्या गिलाव्याची तळाची पट्टी अशीच झिजली आहे; सांडून आंबलेल्या नीरोचा (बोंडूच्या रसाचा) व्हिनेगर होतो.

चुलीच्या डावीकडे अर्धगोल खळगा आणि त्यातून बाहेर जाणारी पन्हळ: ही लावणीची, म्हणजे गाळलेली दारू जमा होणाऱ्या मडक्याची, बैठक. भाणातली (चुलीवर रस उकळायच्या भांड्यातली) वाफ नळीने लावणीत येई आणि लावणीवर सतत गार पाणी ओतत राहावं लागे. शेजारची सिमेंटची टाकी कॉइलसाठी (वाफ गार करणाऱ्या, पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीसाठी), नंतरची. भिंत आणि टाकी यांच्यामध्ये सरळ उभी फट आहे, चिरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. राखेच्या थरात वारुळाच्या मातीचे भाजलेले तुकडे सापडले, एकावर कापडाच्या विणीचा ठसा स्पष्ट. भाणाचं तोंड कापड आणि माती लावून बंद करायचे, ते हेच. तुकडे धुऊ नयेत. फक्त मऊ ब्रश फिरवावा.

उत्तरेच्या भिंतीला अलीकडे कोणीतरी तळाला २ फूट सिमेंट फासलं आहे. त्यामागे ओल कोंडून चिरा हाताने चुरडतो. हा थर छिन्नीने हळूहळू काढायचा, ग्राइंडर नको. मग भिंत पूर्ण सुकू द्यायची आणि चुना १, वाळू ३ असा गिलावा. पाऊस तोंडावर असताना हे काम घेऊ नये, चुना धरायला वेळ लागतो.

कागदांत एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीत) फक्त ‘शेड’ लिहिलं आहे. सर्व्हे नंबर आणि पोर्तुगीज मॅट्रिझचा (जुन्या महसुली नोंदवहीचा) नंबर एकमेकांशी जुळतातच असं नाही, म्हणून चतुःसीमांवरून शोधावं आणि वर्णनात ‘अलांबिक’ (दारू गाळायचं भांडं) हा शब्द पाहावा. १८७८च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने गोव्यात ब्रिटिश धर्तीची अबकारी आणली आणि तह १८९२मध्ये संपला. पणजीच्या पुराभिलेख खात्यात आधी याच काळातले दारूविषयक कागद मागवायचे आहेत. तोवर टाकीच्या भिंतीतल्या कॉइलच्या भोकाची जमिनीपासूनची उंची मोजायची राहिली आहे. कॉइलमधून येणारी दारू धरायला खाली ठेवलेलं भांडं किती उंच होतं ते त्यावरून कळेल.