किती झाल्या?

तूरडाळ पातेल्यात शिजायची तेव्हा कुणीतरी चुलीपाशी लागायचंच. फेस वर आला की ऊतू जायच्या आत झाकण सरकवायचं, पाणी आटलं की आधणाचं घालायचं, मधूनच एक दाणा बोटांत चिरडून बघायचा. हे ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, यावर घरात कधी चर्चा झाल्याचं ऐकिवात नाही.

हा पहारा कुकरनं उठवला. साध्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांवर अडतं. वाफ कोंडली की ते १२० च्या आसपास जातं आणि डाळ भराभर शिजते. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं भांडं मांडलं ते हाडं मऊ करायला. ते फुटू नये म्हणून वजनाची झडपही त्यानंच काढली. बिचाऱ्याच्या डोक्यात वरणभात नव्हता. आपल्याकडे मात्र पुढे झाकणावरचं वजन वाजायला लागलं आणि स्वयंपाकाला नवं माप मिळालं: शिट्टी.

माप म्हणून ती अगदीच बेभरवशाची. शिट्टी म्हणजे डाळ शिजल्याची पावती नव्हे. जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढाच तिचा अर्थ. आच मोठी असली तर चार शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ तशीच राहते. म्हणून फोनवरून सांगितलेल्या ‘चार शिट्ट्या’ दुसऱ्याच्या कुकरमध्ये फसतात. जाणत्या बायका पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करतात आणि भिजवलेल्या तुरीला घड्याळ लावून आठ-दहा मिनिटं देतात. चिंच-आमसूल नंतरच, कारण आंबटात डाळ मऊ होत नाही. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. शिट्टी येतच नसेल तर रिंग सैल झालेली असते, तळाशी पाणी घालायचं राहिलेलं असतं, नाहीतर फेस वर चढून वाफेच्या नळीत अडकलेला असतो. अशा वेळी वाट बघत बसू नये, गॅस बंद करावा. वाफ पूर्ण जिरल्यावर झाकण काढून नळी उजेडाकडे धरावी. आरपार दिसलं पाहिजे.

तरी घड्याळ हरलं आणि शिट्टी जिंकली. घड्याळाकडे आठवणीनं बघावं लागतं; शिट्टी पेपर वाचतावाचता कानावर पडते. त्यामुळे आंघोळीला निघालेल्या बाईला बाहेरच्या खोलीतल्या कानांवर काम सोपवता आलं, ‘तीन झाल्या की बंद करा हो!’ गॅसच्या शेगडीला कधी हात न लावलेली माणसं त्या निमित्तानं ओट्यापर्यंत आली. आली ती तिथवरच. डाळ घोटायला आणि फोडणी द्यायला पुन्हा तीच.

शिवाय भिंतीपलीकडेही त्याच वेळेला कुकर लागलेला असतो.

‘अहो, किती झाल्या?’ बाथरूममधून आवाज येतो.

पेपर जरासा खाली येतो. ‘दोन. नाही... एक शेजारची होती बहुतेक.’