आमची वाटचाल : एका घराची तीन घरं

आम्ही दोघं भाऊ. मी गवंडीकाम बघायचो, धाकटा सुतारकाम. पहिलं मोठं काम मिळालं ते एका दुमजली जुन्या घराचं. तीन भावंडांना तीन स्वतंत्र बिऱ्हाडं हवी होती. आम्ही दिवाणखाना मोजून बरोबर अर्धा केला आणि भिंत चढवली. ती नेमकी छतातल्या चुन्याच्या फुलावरून गेली. निम्म्या पाकळ्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. थोरल्या ताईंनी मान वर करून पाहिलं आणि काही न बोलता त्या बाहेर गेल्या. ती भिंत आम्ही आमच्या खर्चाने उतरवली. फूल दुरुस्त केलं, पण सांधा अजून दिसतो.

तेव्हापासून आम्ही आधी घर पायाखाली घालतो, नकाशा मागाहून. मोठी दालनं अखंड ठेवायची, वाटणीची रेघ मूळच्या जाड भिंतींवरूनच न्यायची. जिना सामाईक राहिला तर घराचं रूप बरंचसं टिकतं. नको असलेलं दार उखडायचं नाही. बंद करून जागीच ठेवायचं, मागून अस्तर लावायचं. उद्या कुणाला घर पुन्हा एक करावंसं वाटलं तर करता आलं पाहिजे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी ऑस्ट्रेलियात १९७९ साली ‘बर्रा सनद’ (Burra Charter) झाली, तीही हेच सांगते : गरजेपुरता बदल करा, जास्त नको. आम्ही ती वाचली फार उशिरा, फूल कापून झाल्यावर.

स्वयंपाकघरं आणि बाथरूम एकावर एक घेतली की सांडपाण्याचा पाईप सरळ उतरतो, दालनांतून फिरवावा लागत नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आम्ही करतच नाही. आत ओल कोंडते. परवानग्या आणि वेगळे मीटर यांचं काम सुरुवातीलाच हातात घेतो.

सगळ्यात जास्त छळतो तो आवाज. लाकडी तक्तपोशीवर वर खुर्ची सरकली की खाली डोक्यात घुमते. तुळयांमध्ये खनिज लोकर (दगडाच्या तंतूंची गादी) भरली की बोलणं बरंच अडतं, पण पावलांचा दणका लाकडातूनच उतरतो. त्यासाठी वरच्या जमिनीखाली लवचीक थर द्यावा लागतो. एवढं करून पाईपभोवतीची बोटभर फट राहिली, तर आवाज तिथूनच येतो, आणि आग लागली तर धूरही. ती फट प्रत्येक कामावर मी स्वतः बॅटरी घेऊन, गुडघ्यावर बसून तपासतो.

सध्या एका घराचा जिना हातात आहे. वळणावर कठड्याचं लाकूड हातांनी घासून खोलगट झालंय. तेवढा तुकडा रंधा न मारता तसाच ठेवतोय.