तुम्ही विचारलंत म्हणून: ‘म्हणजे नक्की काय करता?’

मी प्रोबेशन ऑफिसर आहे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘अजून कायम नाही केलं?’ नोकरीतलं प्रोबेशन वेगळं, हे सांगून होतं न होतं तोच दुसरा: ‘म्हणजे पोलीसच ना, मालिकेत असतात तसे?’

मालिकेत आमचे दोनच नमुने. एक सतत दरडावणारा, दुसरी भाबडी ताई, जिला तिसऱ्या भागात हमखास फसवतात. बातम्यांमध्ये तर पॅरोल आणि प्रोबेशन एकाच पिशवीत. पॅरोल म्हणजे तुरुंगात काही काळ काढून अटींवर बाहेर येणं. प्रोबेशनमध्ये बहुतेकदा तुरुंगाऐवजीच देखरेख असते. पॅरोलवरच्या कुणी काही केलं, तरी शिव्या आम्हालाच.

हे काम सुरू केलं ते बोस्टनमधल्या एका बूट बनवणाऱ्याने. १८४१ साली जॉन ऑगस्टस एका दारुड्याला जामीन राहिला, त्याची दारू सोडवली आणि काही आठवड्यांनी त्याला शुद्धीत कोर्टापुढे उभं केलं. दंड झाला एक सेंट. पुढे इंग्लंडच्या १९०७च्या कायद्याने अधिकाऱ्याला सांगितलं: सल्ला दे, मदत कर, मित्र हो.

मित्र! इथेच खरी गोची आहे आणि ती पडद्यावर कधी दिसत नाही. समोरचा म्हणतो, ‘मॅडम, काल प्यायलो.’ न पिणं ही कोर्टाची अट. त्याने विश्वासाने सांगितलं म्हणून गप्प बसू, की अहवालात लिहू? म्हणून पहिल्याच भेटीत मी बजावते, तू सांगशील त्यातलं काय मला लिहावंच लागतं ते आधी ऐक. तरीही लोक सांगतात. का सांगतात, याचं मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं.

मालिका लिहिणाऱ्या एकाने मला विचारलं होतं, ‘काहीतरी घडलेलं सांगा ना.’ मी म्हटलं, एक जण अकरा भेटींना वेळेवर आला. त्याने वही मिटली.

बाराव्या भेटीला तो माणूस तासभर उशिरा आला. ओव्हरटाइम होता म्हणाला. मी चहा मागवला आणि पगाराची चिठ्ठी आणायला सांगितली. पुढच्या वेळी घेऊन आला. ओव्हरटाइम होता.