तुम्ही विचारलंत म्हणून: निवडून गेलेला माणूस आपला राहतो का?

गणपतीला राजापूरला आले की हा प्रश्न येतोच. आरती झालेली असते, पडवीत चहा फिरत असतो आणि कुणीतरी विचारतं, "ताई, तुमच्या तिकडे आंदोलनवाले थेट संसदेत जातात म्हणे. मग ते नंतर लोकांचे राहतात का?"

विचारणाऱ्याच्या डोक्यात जर्मनी नसते, जैतापूरचा अणुप्रकल्प असतो. ९३८ हेक्टर जमीन, ६ अणुभट्ट्या, ९९०० मेगावॉट हे आकडे आमच्या तालुक्यात शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. एप्रिल २०११ मध्ये नाटे गावात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, एक तरुण गेला. सभेला येऊन पाठिंबा देणारे किती पुढारी नंतर फिरले, तेही लोकांना पाठ आहे. तेव्हा हा प्रश्न कुतूहलाचा नसतो, भाजलेल्या माणसाचा असतो. दोन वाक्यांत उत्तर देऊन उठणं मला कधीच जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते. उत्तर एका बाईंच्या गोष्टीतून देते, कारण माझ्यापुरतं ते तिथूनच मिळालं. त्यांचं नाव रेबेका हार्म्स, जर्मनीतल्या अणुविरोधी आंदोलनातून युरोपीय संसदेपर्यंत गेलेल्या.

मी उत्तर जर्मनीत ल्यूनेबुर्गला राहते. मिठाच्या व्यापारावर उभं राहिलेलं हे जुनं गाव. तिथून पूर्वेला तासभर गाडी हाकली की वेंडलांट लागतं. बटाट्याची शेतं, पाइनची जंगलं, विरळ वस्ती आणि एल्ब नदी. जर्मनीची फाळणी होती तेव्हा हा भाग तिन्ही बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेला होता. पुढे रस्ता संपायचा, काटेरी कुंपण सुरू व्हायचं. या कोपऱ्यातल्या गोर्लेबेन गावाखाली जमिनीच्या पोटात मिठाचा प्रचंड साठा आहे. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी लोअर सॅक्सनी या तिथल्या राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेश्ट यांनी जाहीर केलं की देशाच्या अणुकचऱ्याचं केंद्र इथे होणार. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा कारखानाही इथेच आणि कचरा कायमचा पुरायचा तोही इथेच, या मिठात.

त्या दिवशी रेबेका हार्म्स वीस वर्षांच्या होत्या. जन्म डिसेंबर १९५६ चा, शेजारच्याच इल्त्सेन भागातला. शाळा संपल्यावर त्यांनी रोपवाटिकेचं आणि बागकामाचं शिक्षण घेतलं होतं. हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे राजकारणात जायचं तर वकिली हवी किंवा घराणं हवं असं धरूनच चालतात. या बाई कलमं बांधायला शिकलेल्या. गोर्लेबेनची घोषणा झाली आणि त्या स्थानिक नागरिक समितीच्या कामात उतरल्या.

ते आंदोलन शेतकऱ्यांचं होतं, हे सांगितलं की पडवीतली माणसं सावरून बसतात. मार्च १९७९ च्या शेवटच्या आठवड्यात वेंडलांटचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राज्याची राजधानी हानोफरला निघाले. आठवडाभर रस्त्यावर होते. ते वाटेत असतानाच, २८ मार्चला, अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. ३१ मार्चला हानोफरला पोचेपर्यंत माणसांचा आकडा लाखाच्या घरात गेला होता. दीड महिन्यानंतर, १६ मे रोजी आल्ब्रेश्ट यांनी सांगितलं की प्रक्रियेचा कारखाना राजकीयदृष्ट्या शक्य नाही. कारखाना गेला. मिठात कचरा पुरायची योजना मात्र तशीच राहिली. आंद्रेआस फोन बेर्नस्टोर्फ नावाच्या तिथल्या एका सरदार घराण्यातल्या जमीनदाराचं त्या मिठावर जंगल होतं. त्यांनी ते विकायला साफ नकार दिला आणि तो नकार शेवटपर्यंत टिकवला. भूसंपादन पाहिलेल्या माणसाला त्या नकाराचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मग १९८० चा मे. मीठ तपासायला बोअर घ्यायच्या जागेवर लोकांनी लाकडाच्या झोपड्या बांधून गाव वसवलं आणि त्याला 'स्वतंत्र वेंडलांट प्रजासत्ताक' असं नाव दिलं. त्याचा स्वतःचा पासपोर्ट होता, स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. हार्म्स त्या गावातल्या पुढच्या फळीतल्या. ३ मे रोजी वसलेलं गाव ४ जूनला हजारो पोलिसांनी उठवलं. बुलडोझर आले, माणसं जमिनीवर बसून राहिली, त्यांना उचलून नेलं. पासपोर्ट मात्र लोकांनी जपून ठेवले. माझ्या ओळखीच्या एका आजींच्या घरी तो अजून भिंतीवर लावलेला आहे.

आता तुमचा प्रश्न इथे येतो. त्याच वर्षी, जानेवारी १९८० मध्ये, जर्मनीत अशाच आंदोलनांतून निघालेला हरित पक्ष स्थापन झाला होता. त्यांना सत्तेची भीती इतकी वाटायची की निवडून आलेल्याने अर्ध्या मुदतीनंतर जागा दुसऱ्याला द्यायची असा नियमच केला होता. तुम्ही विचारता तोच प्रश्न त्यांनी स्वतःला आधी विचारला होता म्हणायचा. १९८४ मध्ये या पक्षाचे ७ जण युरोपीय संसदेत पोचले. त्यांत वेंडलांटच्या उंडिने फोन ब्लोटनित्स होत्या. हार्म्स त्यांच्या सहायक झाल्या. भाषण दुसऱ्याने करायचं, कागद आपण वाचायचे, असं ते काम. पुढे काही वर्षं त्यांनी वेंडलांटमध्येच माहितीपट बनवले. १९९४ मध्ये त्या लोअर सॅक्सनीच्या विधिमंडळात निवडून आल्या, चार वर्षांनी तिथे पक्षाच्या गटनेत्या झाल्या. आंदोलन सुरू होऊन सतरा वर्षांनी पहिली आमदारकी. मला हा संथपणा फार महत्त्वाचा वाटतो. त्या निवडून गेल्या तोवर त्यांना विषयाचा कागद न् कागद माहीत झालेला होता, आणि अधिकाऱ्याने "हे तांत्रिक आहे, तुम्हाला कळायचं नाही" म्हटलं तर गप्प बसायची वेळ त्यांच्यावर येणार नव्हती.

पण गोड गोड सांगायचं नाही. १९९५ पासून अणुकचऱ्याची कास्टर नावाची अवजड पिंपं गोर्लेबेनच्या साठवण शेडमध्ये यायला लागली. १९९८ मध्ये हरित पक्ष केंद्रात सत्तेत आला, त्याच पक्षाचे युर्गेन ट्रिटिन पर्यावरणमंत्री झाले. जून २००० मध्ये वीज कंपन्यांशी करार झाला. अणुभट्ट्या बंद होणार, पण वर्षं घेऊन. आणि मार्च २००१ मध्ये कास्टरची गाडी पुन्हा निघाली, या वेळी हरित मंत्र्याच्या काळात, आणि रुळांवरून लोकांना उचलणारे पोलीसही त्याच सरकारच्या काळातले. वेंडलांटमधल्या कित्येक जुन्या कार्यकर्त्यांनी तेव्हा पक्ष सोडला. ज्या आजींच्या भिंतीवर पासपोर्ट आहे, त्या आजही ट्रिटिन यांचं नाव निघालं की उठून आत जातात. हार्म्स या सगळ्याच्या मधोमध उभ्या होत्या, पक्षाच्या गटनेत्या आणि गावच्या मुलगी. तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. तो टळला असं मी कधीच म्हणत नाही.

२००४ मध्ये त्या युरोपीय संसदेत गेल्या आणि २०१९ पर्यंत, पंधरा वर्षं, तिथे राहिल्या. तिथे कामाची मर्यादा काय, हेही समजून घ्या. युरोपात अणुऊर्जेसाठी १९५७ चा वेगळा करार आहे, युराटॉम. त्याचा हेतूच अणुऊर्जा वाढवण्याचा, आणि त्याखालच्या निर्णयांत संसदेला जेमतेम मत देता येतं, अडवता काहीच येत नाही. म्हणजे ज्या विषयासाठी ही बाई तिथे गेली, त्याच विषयात हात बांधलेले. मग काय केलं? चेर्नोबिलच्या अपघाताला वीस वर्षं होताना, २००६ मध्ये, त्यांनी दोन शास्त्रज्ञांकडून स्वतंत्र अहवाल करून घेतला. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ४००० पर्यंत मृत्यूंचा अंदाज दिला होता, तो मुख्यतः सर्वांत जास्त किरणोत्सर्ग सोसलेल्यांपुरता. नव्या अहवालाने दूरवर पसरलेल्या किरणोत्सर्गाचाही हिशेब धरला आणि कर्करोगाने ३०,००० ते ६०,००० जादा मृत्यू होतील असा अंदाज मांडला. आकड्यांवर वाद आहे, राहील. पण मोजताना कुणाला धरलं आणि कुणाला वगळलं हा प्रश्न त्यामुळे टेबलावर आला. आपल्याकडे बाधितांची यादी करताना नेमका हाच प्रश्न असतो. खाडीत मासेमारी करणारा बाधित आहे की नाही?

चेर्नोबिलमुळेच त्यांची युक्रेनशी ओळख झाली होती, थेट सोव्हिएत काळात, १९८८ मध्ये. ती पुढे सुटली नाही. २०१३-१४ च्या हिवाळ्यात युक्रेनची राजधानी कीवमधल्या चौकात लोक सरकारविरुद्ध थंडीत उभे होते तेव्हा त्या तिथे जात-येत होत्या. तोवर त्या युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या सहअध्यक्ष झाल्या होत्या. सप्टेंबर २०१४ मध्ये रशियाच्या कैदेतल्या युक्रेनी वैमानिक नादिया सावचेन्को यांच्या खटल्यासाठी त्या मॉस्कोला पोचल्या आणि विमानतळावरूनच त्यांना परत पाठवण्यात आलं. रशियाकडून येणाऱ्या नव्या गॅसवाहिनीलाही त्यांनी विरोध केला, आणि तेव्हा जर्मनीत तो विरोध फार लोकांना पटत नव्हता. युद्ध आणि शांततेच्या प्रश्नावर जुन्या चळवळीतल्या त्यांच्या काही सोबत्यांशी त्यांचे मतभेद झाले. मला स्वतःला यात त्यांची सर्वांत मोठी कसोटी दिसते. कीवच्या चौकातल्या माणसाचा प्रश्न त्यांना हानोफरला ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या शेतकऱ्याचाच वाटला असणार: आमच्या जमिनीचं काय करायचं ते आम्हाला न विचारता का ठरवता? हे माझं वाचन आहे, त्यांच्या तोंडचं वाक्य नव्हे. पण पक्षातल्यांना आवडो न आवडो, त्या त्याच जागेवर उभ्या राहिल्या, आणि २०१६ च्या शेवटी त्यांनी गटाचं सहअध्यक्षपद सोडलं. २०१९ मध्ये त्या संसदेतून बाहेर पडल्या. त्याच वर्षी युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष झाल्या उर्सुला फोन डेर लायन, गोर्लेबेनची घोषणा करणाऱ्या एर्न्स्ट आल्ब्रेश्ट यांच्या कन्या.

मी नोव्हेंबर २०१० मध्ये डानेनबेर्गच्या शेतात उभी होते. जर्मनीत येऊन वर्षच झालं होतं, भाषा अर्धीमुर्धी. कास्टरची गाडी येणार म्हणून हजारो माणसं चिखलात जमली होती, ट्रॅक्टरवर पिवळ्या रंगाच्या लाकडी फुल्या लावलेल्या. एका बाईने मला गरम सूपचा वाडगा दिला आणि कुठली म्हणून विचारलं. मी रत्नागिरी म्हटलं, तिला कळलं नाही. पुढच्याच महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले, जैतापूरचा करार झाला, आणि मार्चमध्ये फुकुशिमा घडलं. त्यानंतर त्या बाईने मला शोधून फोन केला. "तुझं ते गाव," ती म्हणाली, "मी नकाशात पाहिलं. समुद्राला लागूनच आहे."

ती बाई कधी निवडणुकीला उभी राहिली नाही. गोर्लेबेनच्या समितीच्या संस्थापकांपैकी मारियाने फ्रिट्सेनही ब्रुसेल्सला, युरोपीय संसदेत, गेल्या नाहीत. त्या म्हातारपणापर्यंत आंदोलनासोबत तिथेच राहिल्या. दर रविवारी दुपारी जंगलात क्रॉसखाली प्रार्थनेला जमणारी माणसं १९८९ पासून जमत आहेत, पावसात, बर्फात, कधी पाचदहाच. हार्म्स तीन संसदीय मुदती तिकडे राहू शकल्या आणि तरी गोर्लेबेनच्या राहिल्या, त्याचं मुख्य कारण मला या माणसांत दिसतं. मागे कुणीतरी जागं होतं. रविवारी गावी आल्यावर भेटणार आणि डोळ्यांत बघून विचारणार, असं कुणीतरी. म्हणून तुम्ही मला "तो आपला राहतो का" विचारता तेव्हा मी उलट विचारते: तो निवडून गेल्यावर तुमच्या बैठका चालू राहतात का? की त्याला हार घातला आणि सतरंजी गुंडाळली? हे मी चिडून विचारत नाही. आमच्याकडची सतरंजी मीही गुंडाळली आहे. मी तर देशच सोडला.

२८ सप्टेंबर २०२० रोजी जर्मनीत कायमच्या साठ्यासाठी योग्य जागांचा पहिला अहवाल आला. भूगर्भाच्या निकषांवर गोर्लेबेन त्यातून बाद झालं. १९७७ पासून त्रेचाळीस वर्षं. एप्रिल २०२३ मध्ये देशातल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. पण आधी आणलेली ११३ पिंपं अजून गोर्लेबेनच्याच शेडमध्ये उभी आहेत, कारण न्यायची कुठे ते ठरलेलं नाही.

गेल्या वेळी मी गेले तेव्हा आजींनी मला खाणीजवळच्या मिठाच्या ढिगाकडे नेलं. कचरा पुरायला जागा योग्य आहे का हे तपासण्यासाठी खोदून वर काढलेलं ते मीठ करडं पडलं होतं. २०२४ च्या अखेरीपासून ते परत खाली, जमिनीच्या पोटात, भरायला सुरुवात झाली आहे. आजी कुंपणाला धरून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, रविवार आहे, चल, दोनला जंगलात पोचायचंय.